आयर्लंडचा अटलांटिक किनारा मोटरहोमने: १२ दिवसांत होईल का? (नाशिकहून आम्ही दोघंच)

गोदाकाठ५८:

नमस्कार मंडळी. मी गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाले. आमचे हे ६३ वर्षांचे, अजून रोज गाडी चालवतात. मुलगा डब्लिनला असतो. येत्या मे-जूनमध्ये महिनाभर त्याच्याकडे जायचं ठरतंय आणि त्यातले १२ दिवस मोटरहोम (आतच झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) भाड्याने घेऊन पश्चिमेचा सगळा किनारा, तो वाइल्ड अटलांटिक वे, करायचा असं यांनी मनावर घेतलंय. मुलाला सुट्टी नाही, म्हणून आम्ही दोघंच.

रस्ता २५०० किलोमीटरचा आहे. हे म्हणतात, रोजचे दोनशे-सव्वादोनशे होतात, आपण समृद्धीवरून एका दिवसात नागपूर गाठतो, मग यात अवघड काय? मला मात्र धास्ती वाटते. तिथले रस्ते वणीच्या घाटासारखे आहेत की त्याहून अरुंद? रात्री कुठेही समुद्राकाठी थांबता येतं का? फोटोत तर सगळे कड्यावर गाडी लावून चहा पिताना दिसतात. गाडीतल्या संडासाचं नेमकं काय करायचं असतं, हे कुणी लिहीतच नाही. आम्ही शाकाहारी आहोत, स्वयंपाक मी गाडीतच करणार, तर घरून काय न्यावं?

यांना स्केलिग मायकल या पायऱ्या चढून जायच्या बेटावर जायचंच आहे आणि मला गुडघ्याचा त्रास आहे. जे स्वतः जाऊन आलेत त्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.


सिडकोकर:

ताई, आम्ही २०१९ ला गेलो होतो, पण साध्या छोट्या गाडीने. रात्री बी अँड बी मध्ये, म्हणजे न्याहारीसकट खोली देणाऱ्या घरात, उतरायचो, सकाळी गरम ब्रेड आणि चहा आयता मिळायचा. माझं मत विचाराल तर दोघांना मोटरहोमची गरज नाही. छोटी गाडी कुठल्याही बोळात जाते, आणि केरीतल्या डिंगल गावाच्या पुढे कॉनर पास नावाचा जो घाट आहे तो मोटरहोमला बंदच आहे. तो घाट मी आयुष्यात विसरणार नाही. एका बाजूला कडा अंगावर आलेला, दुसऱ्या बाजूला खाली तळी चमकतात.

गाडी उजव्या स्टिअरिंगची आणि वाहतूक डावीकडून, आपल्यासारखीच, त्यामुळे तेवढी काळजी करू नका. व्हिसाचं मात्र नीट बघा. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, फ्रान्स-जर्मनीच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही.


जॉइंटर_इंदिरानगर:

ताई, मी आणि माझी बायको २०२४ च्या मे अखेरीस १७ दिवस मोटरहोमने फिरून आलो. मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होतो. मोठी गाडी त्याआधी कधी चालवली नव्हती. सिडकोकरांचं छोट्या गाडीबद्दलचं म्हणणं रास्त आहे, पण मी तुम्हाला मोटरहोमच घ्या म्हणेन, कारण पुढे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे २५०० चा नाद सोडा. उत्तरेला डोनेगलमधल्या इनिशोवेनपासून दक्षिणेला कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंतचा तो सगळा रस्ता आहे. २०१४ मध्ये त्याला हे नाव मिळालं, लाटेच्या खुणेच्या निळ्या पाट्या लागल्या. नागपूरचा हिशेब तिथे चालत नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर आम्हाला तासाला ३५-४० किलोमीटर पडायचे, तेही मध्ये थांबलो नाही तर. आणि थांबणार नाही असं होतच नाही. वळण आलं की बायको म्हणायची, थांबवा. फेब्रुवारी २०२५ पासून तर खेड्यातल्या स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ८० वरून ६० वर आणली आहे. आम्ही कॉर्कहून निघून वेस्टपोर्टपर्यंतच गेलो, डोनेगल पूर्ण सोडलं, तरी १७ दिवस पुरले नाहीत. तुम्ही १२ दिवसांत केरी आणि क्लेअर हे दोन जिल्हे एवढंच करा.

रस्त्यांचं विचारलंत. वणीच्या घाटाला निदान दोन गाड्यांपुरती रुंदी आहे, कठडा आहे. तिकडे पाटीवर एन लिहिलेला रस्ता चांगला, आर म्हणजे सांभाळून, आणि एल म्हणजे बहुतेक वेळा एकाच गाडीपुरता. दोन्ही बाजूंना दगडी बांध नाहीतर फ्युशियाच्या लाल फुलांची उंच कुंपणं, आणि डांबराच्या मधोमध गवत. समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी कुणीतरी मागे घ्यायचं. तिथली माणसं सहसा स्वतःच मागे घेतात आणि जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतात. तुमच्या यजमानांनीही बोट उचलावं, त्यांना फार बरं वाटतं.

आमची गाडी ६.९ मीटर लांब, आरसे सोडून २.३ मीटर रुंद, २.९ मीटर उंच आणि ३५०० किलोची होती. हे आकडे मी पहिल्याच दिवशी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवले. तुम्हीही चिकटवा. समुद्राकाठच्या बऱ्याच कार पार्कांच्या तोंडाशी उंचीचा आडवा दांडा असतो, आणि तो दिसतो तेव्हा मागे चार गाड्या येऊन उभ्या राहिलेल्या असतात.

कॉनर पासला आम्ही फसणार होतो. फोनवरचा नकाशा गाडीची रुंदी बघत नाही, त्याने डिंगलहून उत्तरेला जायला तोच रस्ता दाखवला. धुकं उतरलेलं, आणि बायकोला पाटी दिसली: २ टनांपेक्षा जड गाडीला बंदी. पुढे गाडीच्या रुंदीची मर्यादा १.८ मीटर आणि आमची गाडी २.३. मी तिथेच थांबलो. बायको रेनकोट चढवून खाली उतरली, गाडीच्या मागे उभी राहिली. आरशात मागचं सरळ काही दिसत नाही, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून ठेवलं होतं: गाडीच्या पत्र्यावर एक थाप म्हणजे ये, दोन थापा म्हणजे थांब. पावसात ओरडलेलं ऐकू येत नाही, थाप ऐकू येते. सात-आठ वेळा पुढे-मागे करून गाडी वळवली. वळल्यावर ती आत आली तेव्हा तिचा तळवा लाल झाला होता. ही थापांची खूण तुम्ही दोघांनी घरून ठरवूनच निघा.

रात्रीच्या मुक्कामाबद्दल: ते कड्यावरचे चहाचे फोटो दिवसाचे समजा. जमीनमालकाच्या परवानगीशिवाय रात्र काढता येत नाही, आणि कार पार्कांत रात्री मुक्काम करू नये अशा पाट्या जागोजागी आहेत. कॅम्पसाइट घ्या. आम्हाला दोघांना रात्रीचे ३० ते ३५ युरो पडले, त्यात वीज, पाणी आणि गरम पाण्याची आंघोळ आली. आणि बऱ्याच कॅम्पसाइट समुद्राला लागूनच असतात. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. जेवण उरकून आम्ही दारात खुर्च्या टाकायचो आणि सूर्य मावळता मावळायचा नाही. हे बी अँड बी च्या खोलीत मिळत नाही, म्हणून मी मोटरहोम म्हणतो.

विजेबाबत माझ्या धंद्यातलं सांगतो. खांबावरून निळी तीन पिनची केबल गाडीला जोडायची असते. तिथे ६ किंवा १० अँपिअर मिळतात. १० अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला २३०० वॅट. किटली आणि हीटर एकदम लावले की एमसीबी पडलाच. इंडक्शन घरून नेऊ नका. गाडीत गॅसच्या दोन शेगड्या असतात, तीन लिटरचा कुकर त्यावर छान बसतो. गाडी चालू करण्याआधी गॅसचा कॉक बंद करायचा, हे काम एकाच माणसाकडे ठेवा.

संडासाचं कुणी लिहीत नाही म्हणता, मी लिहितो. खाली २० लिटरच्या आसपासची पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, तिथून ती ओढून काढायची, चाकांवर ढकलत कॅम्पसाइटच्या ठरलेल्या जागी नेऊन ओतायची, तिथल्याच नळाने विसळायची आणि औषधाचं निळं पाणी घालून परत बसवायची. दोघांना दोन दिवस पुरते. हातमोजे वापरा, ओतताना हवेचं बटण दाबून धरा म्हणजे उडत नाही. तीन मिनिटांचं काम. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी त्याचं काहीच वाटेना.

आता वारा. डिंगल द्वीपकल्पावर एका रात्री दोनच्या सुमारास गाडी झोक्यासारखी हलायला लागली. आपल्याकडे इगतपुरीचा पाऊस आडवा येतो तसाच, पण तिथे मागे डोंगर नाही, अमेरिकेपर्यंत नुसतं पाणी. गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत मी संध्याकाळी गुंडाळून ठेवलं होतं म्हणून वाचलं. शेजारच्याचं छत उलटून त्याच्याच टपावर पडलं. कॅम्पसाइटचे म्हातारे मालक बॅटरी घेऊन प्रत्येक गाडीपाशी आले आणि म्हणाले, नाक वाऱ्याकडे करा. गाडी वळवून उभी केली तशी हलायची थांबली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी आधी वारा कुठून येतो ते बघायचो आणि मग गाडी लावायचो.

स्केलिगचं खरं सांगतो. आम्ही पोर्टमॅगीला, म्हणजे बोटी सुटतात त्या गावात, तीन दिवस थांबलो आणि तिन्ही दिवस बोट गेली नाही. ऊन होतं, पण समुद्राला उसळी होती, बेटाच्या धक्क्याला बोट लागत नव्हती. बेटावर रोज १८० जणांनाच सोडतात, त्यामुळे पुढच्या तारखा भरलेल्या. पहिल्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग पूल ओलांडून शेजारच्या व्हॅलेंशिया बेटावर गेलो, आणि माझ्यासाठी अख्ख्या प्रवासातली हीच जागा ठरली. युरोप आणि अमेरिकेला जोडणारी तारेची पहिली केबल १८५८ मध्ये याच बेटावरून गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला सुमारे १६ तास लागले, आणि तीनेक आठवड्यांत केबल मेली. टिकणारी केबल १८६६ मध्ये पडली, ग्रेट ईस्टर्न जहाजाने टाकलेली. तेच जहाज १८७० मध्ये मुंबई-एडन केबल टाकायला आपल्याकडे आलं होतं. म्हणजे मुंबईच्या तारेचा आणि या गवताळ बेटाचा धागा एकच. कड्याजवळ टेलिग्राफ फील्ड म्हणून मोकळं रान आहे, तिथे स्लेटच्या दगडाचं स्मारक उभं आहे. मी आयुष्यभर पेपर इन्सुलेशनच्या केबलचे जोड बांधले. एका जोडात पाणी शिरलं की अख्ख्या कॉलनीचे फोन बंद, लोक शिव्या देणार. इथल्या माणसांनी तांब्याच्या तारेला गटापर्चा (झाडाचा रबरासारखा चीक) गुंडाळून ती दोन-तीन मैल खोल पाण्यात सोडली, जोड जहाजाच्या डेकवर बांधले. मी त्या दगडापाशी अर्धा-पाऊण तास उभा होतो. बायको गाडीत चहा करून घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली, काही बोलली नाही.


गोदाकाठ५८:

दादा, तुमचं सगळं यांना मोठ्याने वाचून दाखवलं. थापांची खूण लगेच पाठ केली आहे! २५०० चा हट्ट सुटला असं समजा. आता फक्त केरी आणि क्लेअर. पण १२ दिवसांत ते तरी कसं बसवायचं? आणि माझ्या गुडघ्यांना स्केलिग जमेल का? लायसन्सचंही सांगा. जेवणाचा प्रश्न तसाच राहिला आहे. मी साजूक तूप, पेढे आणि कढीपत्ता न्यायचं ठरवलं होतं.


देवळालीची_कॉर्कमध्ये:

ताई, मी मूळची देवळाली कॅम्पची, नऊ वर्षांपासून कॉर्कला आहे. जेवणाचं मी सांगते, कारण यात दर उन्हाळ्यात कुणाच्या तरी आईच्या डोळ्यात विमानतळावर पाणी आलेलं मी बघते.

तूप आणि पेढे आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, काढून घेतात. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, ताजी फळं यांनाही प्रमाणपत्राशिवाय परवानगी नाही. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट, भाजणी, डाळी, पोहे, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त आणा. तूप इथे घरी करा. आयरिश लोणी इतकं सुंदर आहे की कढवलं की गाडीभर वास सुटतो. डब्लिनला मुलाकडेच करून बरणीत भरून न्या. बटाटे, कोबी, गाजर, कांदे खेड्यातल्या दुकानातही मिळतात. ब्राउन सोडा ब्रेड पिठल्याबरोबर खाऊन बघा, भाकरीची आठवण निदान थोडी भागते. आणि आपली द्राक्षं! फेब्रुवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत युरोपच्या दुकानांत भारतातली द्राक्षं येतात. डब्यावर इंडिया वाचलं की मी पिंपळगावच्या बागा आठवत दोन डबे जास्तच घेते.

आणखी एक. केरीत डिंगलच्या पुढे आयरिश भाषेचा मुलूख लागतो, तिथे पाट्या फक्त आयरिशमध्ये. डिंगलच्या जागी अन डॅंगन लिहिलेलं असेल, आणि लाल त्रिकोणावर गेल श्ली लिहिलेलं दिसलं की समोरच्याला वाट द्यायची. गावांची दोन्ही नावं वहीत लिहून ठेवा. डोनेगल या वेळी सोडताय ते योग्यच, पण पुन्हा कधी आलात तर स्लीव्ह लीगचे कडे बघा. मोहरचे प्रसिद्ध कडे २१४ मीटर, हे ६०१ मीटर, आणि गर्दी त्या मानाने कमी.


जॉइंटर_इंदिरानगर:

कॉर्कच्या ताईंनी जेवणाचं उत्तम सांगितलं. पिठलं आणि सोडा ब्रेड आम्हीही खाल्लं.

स्केलिगला ६१८ दगडी पायऱ्या आहेत, हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या साधूंनी रचलेल्या, कठडा नाही, ओल्या असतात. तुमच्या गुडघ्यांना नको. यजमानांना एकट्याला जाऊ द्या, किंवा दोघं मिळून बेटाला नुसती प्रदक्षिणा घालणाऱ्या बोटीने जा. ती धक्क्याला लागत नाही, त्यामुळे तुम्हाला चढावं लागत नाही. शेजारचं छोटं स्केलिग गॅनेट पक्ष्यांनी इतकं भरलेलं आहे की लांबून खडकावर बर्फ पडल्यासारखं वाटतं. उतरण्याच्या बोटी मेच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरीपर्यंतच असतात, तिकीट आत्ताच काढा, आणि पोर्टमॅगीजवळ तीन रात्री मोकळ्या ठेवा.

बाराचा हिशेब असा धरा. डब्लिनजवळ गाडी घेतली की पहिल्या दिवशी किनाऱ्याला जायची घाई करू नका, वाटेत कुठेतरी थांबून पाणी, गॅस, कॅसेट सगळं एकदा हाताळून बघा. डब्लिनच्या एम-५० महामार्गावर टोलनाका नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे, नाहीतर दंड लागतो. आमच्या भाड्याच्या कंपनीने हे सांगितलंच नव्हतं आणि दंड आमच्या अनामतीतून कापला. मग केन्मेअरहून रिंग ऑफ केरी, म्हणजे केरीतल्या एका द्वीपकल्पाला फेरी मारणारा रस्ता. टूरच्या बसगाड्या घड्याळाच्या उलट दिशेने जातात, तुम्हीही त्यांच्याच दिशेने जा म्हणजे अरुंद वळणावर बस समोर येणार नाही. डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाच्या स्ली हेडला मात्र घड्याळाच्या दिशेने, आणि सकाळी नऊच्या आत. केरीला सात दिवस द्या.

तिथून क्लेअरला जाताना लिमरिकला वळसा घालू नका. टार्बर्टहून शॅनन नदीच्या मुखावर फेरी आहे, गाडीसकट वीस मिनिटांत किलीमर. जवळजवळ १३७ किलोमीटर वाचतात. डेकवर उभे राहा, त्या पाण्यात डॉल्फिन कायमचे राहतात, आम्हाला चार दिसले. पलीकडे मोहरचे कडे आणि बरेनचं चुनखडीचं पठार. आपल्या काळ्या कातळावर वाढलेल्या माणसाला तो राखाडी, भेगाळलेला दगड बघून नवल वाटतं, आणि भेगाभेगांत मेमध्ये निळी जेन्शियन फुललेली असतात. तिथे तीन दिवस.

आम्ही पुढे मेयोत क्रोग पॅट्रिकच्या पायथ्याशीही एक दिवस थांबलो होतो. ७६४ मीटरचा डोंगर, जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. तिथल्या एका आजींना मी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची ब्रह्मगिरीची फेरी सांगितली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, तुमच्याकडेही पाऊस असतो का त्या दिवशी? म्हटलं, असतोच. तुमच्या बारा दिवसांत हे बसणार नाही, पण आठवलं म्हणून लिहिलं.

लायसन्स: आपलं लायसन्स तिथे पाहुण्याला चालतं, पण भाड्याच्या कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात. सारथी पोर्टलवर अर्ज करा, काम पेठ रोडच्या आरटीओतलं, परवाना वर्षभर चालतो. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाची प्रत जवळ ठेवा. गाडी बुक करण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: चालकाच्या वयाची वरची मर्यादा, अपघात झाला तर आपल्या खिशातून किती जाणार, आणि टपाच्या नुकसानीला विमा आहे का. बऱ्याच विम्यांत टप धरलेला नसतो आणि फांद्या टपालाच लागतात.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू आणि टप यांचा व्हिडिओ काढा. टपाचा काढायला शिडी मागा, देतात. आणि निघण्याआधी एका रविवारी गंगापूर रोडच्या एखाद्या रिकाम्या मैदानात कुणाचा तरी टेम्पो मागून घ्या. यजमानांना तो थापांवर मागे घ्यायला लावा, तुम्ही मागे उभ्या राहा. आम्ही तो सराव केला नव्हता, कॉनर पासच्या पावसात शिकलो. काही अडलं तर इथेच विचारा, मी रोज रात्री बघतो.